फीचं मग बघू

भाऊसाहेब वकिलांना कुणी फी विचारली की त्यांना ऐकू येईनासं होतं. एरवी कान तिखट. तीन नंबरच्या कोर्टात शिपायाने पडक्या आवाजात पुकारा केला तरी बाररूममधल्या कॅरमच्या खडखडाटातून त्यांना आपल्या पक्षकाराचं नाव बरोबर सापडतं. पण समोर टेकलेल्या पक्षकाराने घसा खाकरून "साहेब, फी किती पडंल?" असं विचारलं की भाऊसाहेब चष्मा काढतात, गळ्यातल्या पांढऱ्या बँडच्या टोकाने तो पुसतात आणि विचारतात, "पाऊस कसाय तुमच्याकडं?"

असे भाऊसाहेब कराडला आहेत, वडूजला आहेत, सांगोल्याला आहेत. नाव वेगळं, कोट तोच. कोपरावर विरलेला, पाठीवर उन्हाने तांबूस झालेला. तालुक्याच्या कोर्टात कोट जितका तांबूस तितका वकील जाणता, असा पक्षकारांचा हिशेब असतो. भाऊसाहेबांनी मुलाच्या लग्नात नवा कोट शिवला होता. तो घालून ते चार दिवस कोर्टात आले, तेवढ्यात दोन पक्षकार बिचकले. पाचव्या दिवशी जुना कोट परत आला.

त्यांचं ऑफिस कोर्टाच्या फाटकासमोर, रसवंती आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधल्या बोळकांडीत. वकिलाला जाहिरात करायची बंदी, पाटीसुद्धा बेताच्याच आकाराची हवी, असा बार कौन्सिलचा नियम. त्यामुळे रसवंतीच्या बोर्डावर नंदी, गणपती आणि मालक असे तिघे मावतात आणि भाऊसाहेबांच्या पाटीवर नुसतं नाव आणि 'बी.ए., एलएल.बी.'. आत भिंतभर तांबड्या पुठ्ठ्याचे कायद्याचे ग्रंथ. ते पक्षकाराने बघायचे असतात, वकिलाने नव्हे. बाहेर ओट्यावर तात्यांचं टेबल. तात्या म्हणजे भाऊसाहेबांचे कारकून. कानावर पेन, काखेत डायरी, शर्टाच्या खिशात तिकिटांची पुडी. कामाची वाटणी सरळ आहे. कायदा आत, हिशेब बाहेर.

आता आत कोण आलंय ते बघा. समजा, अप्पा आलेत. साठीकडे झुकलेले, डोक्याला टोपी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला सातबारा. चुलतभाऊ नानाने बांध कोरत कोरत दोन गुंठे पोटात घातलेत.

"बसा अप्पा. चहा सांगू?"

"आत्ताच झाला. साहेब, ते फीचं..."

"गट नंबर काय म्हणालात?"

"चारशे बारा. म्हंजे फीचं तेवढं आधी कळलं असतं तर..."

"वाटणी कधी झाली? नोंदवलीय का तोंडी?"

"तोंडी. मी काय म्हंतो, अंदाजानं..."

"तोंडी!" भाऊसाहेब खुर्चीत मागे रेलतात आणि छताच्या पंख्याकडे बघत राहतात. "अप्पा, हितंच सगळी गोम आहे."

गोम निघाल्यावर अप्पांचा जीव खालीवर होतो. ज्याच्या हातात आपली गोम गेली त्याला पैशाचं कसं विचारायचं? डॉक्टरने पोटात गोळा लागतोय म्हटल्यावर ऑपरेशनचा दर कोण विचारतं? तरी उठताना अप्पा एकदा शेवटचा धीर करतात. भाऊसाहेब खांद्यावर हात ठेवतात. "तुम्ही काय परके आहात का? फीचं मग बघू. जाताना तात्याला भेटा."

या भेटीत भाऊसाहेबांनी फी ठरवलेली असते. सातबारा वाचायची त्यांची रीत वेगळी आहे. तलाठी वरून वाचतो, भाऊसाहेब खालून. वरचा नमुना सात, म्हणजे मालक कोण आणि क्षेत्र किती, हे दाव्याला लागतं. खालचा नमुना बारा, म्हणजे पीकपाहणी, ही फीला लागते. पिकाच्या रकान्यात ऊस दिसला की भाऊसाहेबांची भुवई अर्ध्या सुताने वर जाते. नुसती ज्वारी-बाजरी दिसली की जागेवर येते. मग नजर 'इतर हक्क' या रकान्याकडे. तिथे सोसायटीचा आणि बँकेचा असा दुहेरी बोजा असेल, तर भाऊसाहेब सातबारा घडी करताना एकदाच सुस्कारा टाकतात. ओट्यावर बसलेल्या तात्यांना तो सुस्कारा ऐकू जातो. ऊस आणि वर बोजा नाही, असा सातबारा आला की आतून आवाज येतो, "तात्या, अप्पांना पाणी द्या." पाणी म्हणजे वरचा दर.

तात्यांच्या दराला कागद नाही, पण क्रम पक्का आहे. "वकीलपत्राचं आणि दाव्याचं मिळून पंधरा हजार. निम्मं आज. टायपिंग-झेरॉक्स निराळं. तिकिटं निराळी, कोर्ट फीची वेगळी आणि वेल्फेअरचं वेगळं, ती काय आमच्या खिशात जात न्हाईत. समन्सला बेलिफ भत्ता. निशाणी पाचचं पाच हजार." निशाणी पाच म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. दाव्याला जोडून येतो, फायलीत पाचवा नंबर पटकावतो आणि महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टात त्याचं नावच ते पडलंय. अप्पांना वाटतं पाच हजार म्हणूनच त्याला पाच म्हणत असावेत. "मग हर तारखेला पाचशे. मोजणी मागवली तर भूमी अभिलेखची सरकारी फी तुम्ही भरायची. पुराव्याचं पुराव्याच्या टायमाला बघू, युक्तिवादाचं युक्तिवादाच्या टायमाला."

"आणि समदं मिळून?"

तात्या डायरी मिटतात. "अवो, लग्नाचा खर्च मांडव घालताना कळतो व्हय?"

एवढ्यावरून भाऊसाहेब लबाड आहेत असं कुणी म्हणेल तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. ते नियमाने वागणारे आहेत आणि नियम त्यांना पाठ आहेत. वकिलाचा दर किती हे १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. बार कौन्सिल म्हणतं, वकिलाने आपल्या योग्यतेला आणि कामाच्या स्वरूपाला धरून फी घ्यावी. योग्यता कुणी ठरवायची यावर नियम गप्प आहे, म्हणून भाऊसाहेबही गप्प आहेत. पण एका बाबतीत नियम कडक आहे. निकालावर फी लावायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा मागायचा नाही. हायवेत जमीन गेलेला एखादा मनुष्य वाढीव मोबदल्याचे कागद घेऊन येतो आणि डोळा मारत म्हणतो, "साहेब, आधी काय मागू नका, मिळंल त्यात दहा टक्के तुमचं." भाऊसाहेब कानाला हात लावतात. "टक्केवारी? अहो, १९५४ साली सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या एका मोठ्या वकिलाला याच पायी दोषी धरलं. वसुलीत निम्मा वाटा लिहून घेतला होता. २०१७ साली तेलंगणच्या एका बाईंच्या प्रकरणात कोर्टाने परत तेच सांगितलं. असला करार बेकायदा!"

समोरचा मनुष्य ओशाळतो. "मग कसं करायचं?"

"टक्के नाही घ्यायचे. पैसे हातात पडले की तुमचं समाधान म्हणून काय द्यायचं ते द्या."

"समाधान म्हंजे अंदाजे किती?"

पलीकडून तात्या सांगतात, "लोकांचं दहा टक्क्यांत होतं."

फी तोंडाने न सांगण्यामागे भाऊसाहेबांचं तत्त्वज्ञान आहे. बाररूममध्ये ज्युनिअरांचं टोळकं सापडलं की ते ऐकवतात. विलायतेत बॅरिस्टर स्वतः फी ठरवत नसे, त्याचा क्लार्क ठरवायचा. ती फी नव्हेच, मानधन! बुडवली तर बॅरिस्टरला दावासुद्धा लावता येत नसे, असा १८६३चा निवाडा आहे आणि १९९०च्या कायद्यापर्यंत तिकडे तेच चाललं. मुंबई हायकोर्टात ओरिजिनल साइडला पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जाणार, सॉलिसिटर कौन्सिलला ब्रीफ देणार आणि ब्रीफवर फी लिहिणार ती रुपयांत नव्हे, सोन्याच्या मोहरांत! मोहरा कधीच्या चलनातून गेलेल्या, तरी हिशेब मोहरांचा. कौन्सिलने पैशाला हात लावला असं पक्षकाराला दिसतच नसे. "तात्या हा माझा सॉलिसिटर," भाऊसाहेब म्हणतात. ओट्यावर तात्या त्या वेळी पक्षकाराकडून सुटे पन्नास मागत असतात.

इथे कुणी ज्युनिअर हमखास विचारतो, "पण सर, आपल्याकडे १९२६चा कायदा आहे की. वकिलाला फीचा करार करता येतो आणि बुडाली तर दावाही लावता येतो."

"येतो की. पण स्वतःच्या पक्षकारावर दावा लावायचा तर वकील दुसरा द्यावा लागेल. तो पहिल्यांदा काय म्हणेल? फीचं मग बघू! मी या धंद्यात एवढी वर्षं घालवली ती काय त्याच्या तावडीत सापडायला?"

मग येते तारीख. भाऊसाहेबांच्या अर्थव्यवस्थेचा कणा तारीख हाच आहे. एकरकमी पन्नास हजार मागितले तर अप्पा कोर्टाच्या फाटकातूनच मागे फिरतील, पण पाचशे रुपये ते दर महिन्याला देतात. शिवाय त्यांना काही वाटतही नाही, कारण त्या दिवशीचे पाचशे हाच काही मोठा खर्च नसतो. सकाळी सातची एसटी. बुडालेला रोज. कधी साक्षीला पोलीस पाटील आणायचा तर त्याचा चहा-नाष्टा, साक्ष झाली नाही तरी. दोन वाजता आपण मिसळ खायची तर शेजारी उभ्या तात्यांना सोडून कशी खायची? मग दोन मिसळ. चार वाजता पुकारा. अप्पा टोपी काढून आत पळतात. आत कळतं, नानाच्या वकिलांचं पोट बिघडलंय, पुढची तारीख. पुढच्या वेळी साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या वेळी साहेबांची बदली. नवे साहेब आले की फाइल पहिल्यापासून वाचणार. त्यानंतर नानाकडून कैफियत आलेली नाही. मग भाऊसाहेब जिल्ह्याच्या कोर्टात. दिवाणी प्रक्रिया संहितेत सतराव्या ऑर्डरखाली लिहिलंय की सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये. भाऊसाहेबांना तीही तरतूद पाठ आहे. नानाच्या वकिलांनी चौथी मुदत मागितली की ते ती ताडकन वाचून दाखवतात. पाचवी स्वतः मागतात तेव्हा वाचत नाहीत.

मोबाइल आल्यापासून मात्र तात्यांना थोडा जाच सुरू झालाय. पूर्वी कोर्टात काय झालं हे तात्या सांगतील ते. आता अप्पांचा नातू ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस उघडून बसतो. परवा त्याने ओट्यावरच सगळ्यांदेखत विचारलं, "तात्या, मागच्या तारखेला 'साहेब सुट्टीवर होते' म्हणालात. हितं तर लिहिलंय, वादीच्या वकिलांनी मुदत मागितली. वादी म्हंजे आम्हीच की!"

ओट्यावर शांतता पसरली. अप्पांनीच नातवाला दटावलं. "गप ये. साहेबांनी काय तरी बगूनच मागितली आसंल." आणि खिशातून पाचशेची नोट काढली. तात्यांनी ती डायरीत घातली आणि नातवाला विचारलं, "कितवीला हाईस रं? वकील हो. डोकं हाय तुला."

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर भाऊसाहेबांच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाल्यासारखं होईल. जगात वकील फी बुडवत नाहीत, पक्षकार बुडवतात. एक असतो तो निकालापर्यंत रोज सकाळी फोन करतो, "साहेब, आपलं काय?" निकाल लागला की त्याचा नंबर बदलतो. दुसरा म्हणतो, जिंकलो तर दुप्पट देतो. हा हरला तर वकील वाईट म्हणून देत नाही आणि जिंकला तर बाजू खरीच होती, वकिलाने काय केलं, म्हणून देत नाही. तिसरा माल आणतो. काकवीचा डबा, मक्याची कणसं, दिवाळीला जिवंत कोंबडा. भाऊसाहेब शाकाहारी. कोंबडा तात्यांकडे जातो आणि डायरीत भाऊसाहेबांच्या नावावर पडतो. चौथा सगळ्यांत वाईट. तो लग्नात गाठतो. अक्षता पडायच्या आधी कानाशी येऊन "साहेब, एकच विचारू का?" म्हणत वडिलांच्या मृत्युपत्रापासून सुरुवात करतो. मंगलाष्टकं संपेपर्यंत भाऊसाहेबांनी त्याला वारसा कायदा, मुदत कायदा आणि मुद्रांक कायदा असे तिन्ही सांगितलेले असतात. जाताना तो म्हणतो, "म्हंजे मला जे वाटत होतं तेच निघालं!" दहाव्याला, बारशाला, एसटीच्या रांगेत, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असताना त्यांना सल्ला विचारला गेलाय. तेव्हाही फुकटच दिला, फक्त मानेने.

आणि वकिलाच्या हातात उपाय काय? शिंपी शिलाईचे पैसे मिळेपर्यंत कपडा देत नाही. वकिलाला फाइल अडवता येत नाही. २००० साली सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडकवून ठेवायचा वकिलाला हक्क नाही, मागितले की द्यायचे. भाऊसाहेब हा निवाडा तंतोतंत पाळतात. पक्षकाराने कागद मागितले की "न्या की, तुमचेच आहेत" म्हणतात. तात्या कपाट उघडतात. फाइल सापडत नाही. सोमवारी बघतात, गुरुवारी बघतात. थकबाकी जमा झाली की फाइल वरच्याच खणात निघते. हा योगायोग कुठल्याच निवाड्यात बसत नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली एक ज्युनिअर आली. तालुक्यातलीच मुलगी, पुण्यातून पाच वर्षांचा कायदा करून आलेली. वर्षभर तिने भाऊसाहेबांच्या मुदतीच्या अर्जांवर सह्या केल्या, महिन्याला पेट्रोलपुरते पैसे घेतले आणि मग रसवंतीच्या पलीकडे स्वतःचं टेबल टाकलं. तिने एक भलतीच गोष्ट केली. पक्षकार आला की एक कागद पुढे ठेवायचा. दावा, मनाई, पुरावा, युक्तिवाद, निकालापर्यंत सगळं मिळून ४०,००० रुपये, चार हप्त्यांत. तारखेचे वेगळे नाहीत. सरकारी तिकिटं, बेलिफ, मोजणी यांचा खर्च पावतीप्रमाणे. खाली तिची सही, पक्षकाराची सही, एक प्रत त्याच्याकडे.

आपल्या दाव्याच्या आधी अप्पा तिच्याकडेच गेले होते. कागद हातात धरून त्यांनी दोनदा वाचला. "चाळीस हज्जार! दोन गुंठ्याला?" म्हणून उठले. जिना उतरताना नातवाला म्हणाले, "पोरगी हुशार हाय, पण नवीन हाय. पयल्याच भेटीत आकडा सांगती. जाणता माणूस आसा आकडा सांगत आस्तो व्हय?" तिथून ते थेट भाऊसाहेबांच्या खुर्चीसमोर येऊन बसले होते. त्यानंतर पाच वर्षांत त्यांनी सुरुवातीचे आणि मग पाचशे-पाचशेने असे मिळून किती दिले याची बेरीज नातवाने वहीच्या मागच्या पानावर केली आहे. आकडा चाळीसच्या बराच पुढे गेलाय. अप्पांनी ते पान बघायला नकार दिला. "तारखेचं पैसं फीत धरत न्हाईत," ते म्हणाले.

भाऊसाहेबांकडे फुकट काम होत नाही असंही नाही. त्याच कोर्टाच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत, तालुका विधी सेवा समिती बसते. १९८७च्या कायद्याने तिथे वकील मोफत मिळतो. बाई असेल तर तिचं उत्पन्न किती हेसुद्धा विचारत नाहीत. लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीतले लोक, कामगार, अपंग, कोठडीतला आरोपी, या सगळ्यांना तसंच. वर १९९४ सालच्या सरकारी अधिसूचनेने महाराष्ट्रात बायकांना मालमत्तेच्या, पोटगीच्या, घटस्फोटाच्या कामात कोर्ट फीच माफ आहे. गावोगावच्या निम्म्या बायकांना हे ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या भावांना ते ठाऊक नसलेलं बरं वाटतं.

एकदा एक बाई भाऊसाहेबांकडे आली. नवऱ्याने टाकलेली, माहेरच्या जमिनीत हिस्सा मागायचा होता. पिशवीत हजार रुपये आणि कागद. भाऊसाहेबांनी सातबारा वाचला. खालून नाही, वरून. सुस्कारा टाकला नाही, पाणीही मागवलं नाही. "ताई, पैसे ठेवा. त्या टाकीशेजारच्या खोलीत अर्ज द्या. वकील फुकट मिळेल, तिकिटंही लागणार नाहीत."

दोन दिवसांनी ती परत आली. "साहेब, फुकाटचा वकील नगं. फुकाटचं औषध लागू पडत न्हाई. कायबी घ्या, पर वकील तुमीच ऱ्हावा."

"तिकडं कोण दिलाय वकील?"

तिने पत्र काढलं. भाऊसाहेबांनी ते वाचलं आणि वाचायला तिच्याच हातात परत दिलं. वकील म्हणून त्यांचंच नाव होतं. समितीच्या यादीवर ते कितीतरी वर्षं आहेत. तिथून मिळणारं मानधन एवढं बेताचं की तात्या त्याची नोंद डायरीत करत नाहीत, कॅलेंडरवर करतात.

बाईला पटलं नाही ते नाहीच. प्रत्येक तारखेला ती भाऊसाहेबांच्या टेबलावर दोन अंडी ठेवून जायची. म्हणजे काम नीट होईल. भाऊसाहेबांनी ती केस तीन तारखांत निशाणी पाचपर्यंत आणली आणि भावाला जमीन विकायला मनाई मिळवली. तात्या अजून म्हणतात, "अंड्यांवर चाललेली केस एवढी पळाली, नोटांवरची का पळत न्हाई, काय कळत न्हाई."

अप्पा अखेर दावा जिंकले. निकालात शेवटी एक वाक्य होतं, 'दावा खर्चासह मंजूर'. अप्पांचा चेहरा उजळला. खर्चासह म्हणजे आता नाना सगळा खर्च देणार! हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आली. शेवटच्या पानावर खर्चाचा तक्ता असतो, तो नातवाने मोठ्याने वाचला. कोर्ट फीची तिकिटं, वकीलपत्राचं तिकीट, समन्सचा खर्च आणि वकील फी. वकील फीच्या पुढचा आकडा ऐकून अप्पांना वाटलं नातवाने शून्य गाळलंय. कोर्ट ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे वकील फी धरतं, तात्यांच्या डायरीप्रमाणे नाही. २००५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की जिंकणाऱ्याला खर्च द्यायचा तो खरा, वाजवी खर्च द्यावा, नावापुरता नको. तक्त्यापर्यंत ते अजून पुरतं पोचलेलं नाही. खोटी बाजू लढवली म्हणून नानाकडून वेगळी भरपाई मागावी म्हटलं, तर त्याची कायद्यातली कमाल मर्यादा ३,००० रुपये. एवढ्यात अप्पांची निशाणी पाचसुद्धा आली नसती.

नाना अपिलात गेला. अपील म्हणजे जिल्हा न्यायालय. नवी फाइल, नवं वकीलपत्र, जुने तात्या. "अपिलाचं निराळं," तात्या म्हणाले, "आणि उद्या ह्याच्या वर गेलं तर कोल्हापूर." ऑगस्ट २०२५पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि खुद्द कोल्हापूर, या सहा जिल्ह्यांची मुंबईवारी वाचली. तालुक्याच्या बारने फटाके लावले. भाऊसाहेबांनीही पेढा खाल्ला, पण तात्यांच्या चेहऱ्यावर उदासी होती. मुंबईची खर्ची म्हणजे रात्रीची गाडी, लॉज, टॅक्सी, दोन वेळचं जेवण. कोल्हापूरची खर्ची म्हणजे एसटी आणि एक मिसळ.

कोल्हापूरची वेळ आली नाही. अपील लोकअदालतीत ठेवलं गेलं. तिथे दोघा चुलतभावांना समोरासमोर बसवून न्यायाधीशांनी विचारलं, "किती आहे वादाचं क्षेत्र?" दोघं एकदम म्हणाले, "दोन गुंठं." "आणि बांध किती फुटी?" "दोन." "मग एक फूट याने सोडावा, एक फूट त्याने. सरकारी मोजणी करा आणि दगड रोवा." भाऊसाहेबांनी अप्पांच्या कानात सांगितलं, "घ्या मिटवून, अप्पा. लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फी परत मिळते आणि याच्यावर अपील नाही." सगळी वर्षं धरून फीविषयी त्यांनी स्वतःच्या तोंडाने काढलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही दुसऱ्याच्या फीविषयी. तडजोडीची पुरसिस लिहिली गेली, अंगठे उठले, तात्यांनी दोन्हीकडून पेढ्याचे पैसे घेतले.

संध्याकाळच्या एसटीत जागा एकाच बाकावर मिळाली. पाच वर्षं एकमेकांकडे पाठ करून उभे राहणारे अप्पा आणि नाना शेजारी बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. कंडक्टर येऊन गेला तेव्हा अप्पांनी दोघांचं तिकीट काढलं.

"कशाला रं," नाना म्हणाला, "माज्याकडं हायती सुट्टं."

"ऱ्हाऊ दे. एवढं गेलं, त्यात तुजं तिकीट." मग अप्पांनी हळूच विचारलं, "तुझा वकील तारखेला काय घ्यायचा?"

"चारशे."

"चारशे?" अप्पा सीटवर सरळ झाले, टोपी नीट केली. "माझा पाचशे घ्यायचा."

"पन माजा टायपिंगचं निराळं घ्यायचा."

"टायपिंगचं माझाबी निराळं. वर तात्याचं निराळं."

"माज्या वकिलानं पुराव्याला धा हजार घेतलं," नाना आता इरेला पेटला होता. "एका टायमाला. रोख."

"आणि पडला का न्हाई शेवटी?" अप्पा म्हणाले. "भाऊसायबाचं तसं नव्हं. त्यानं आजपतुर तोंडातनं एक रुपाया मागितला न्हाई."

मागच्या सीटवर नातू वही काढून दोन्हीकडचे आकडे मांडत होता. दोन गुंठ्यांच्या बाजारभावाला कधीच मागे टाकलेली बेरीज त्याने दोघांच्या मधून पुढे धरली. नानाने चष्मा नाकावर चढवून ती वाचली आणि वही मिटून परत केली.

"ह्यात कोंबडा धरला न्हाईस," तो म्हणाला.